चिंतामणी रंग नेमका कोणता?

मराठीतली रंगांची नावं आठवत बसलं की आपल्या भाषेचं कौतुक वाटतं. आमसुली, अंजिरी, डाळिंबी, वांगी, श्रीखंडी, अबोली, गुलबक्षी, शेवाळी, पोपटी, मोरपिशी... अर्धी नावं स्वयंपाकघरातली, अर्धी परसातली. युक्ती साधी आहे. रंग सांगायचा म्हणजे दोघांनीही पाहिलेली एखादी वस्तू पुढे करायची. तुम्ही आमसूल पाहिलंय, मीही पाहिलंय, मग 'आमसुली' म्हटलं की काम झालं. ज्याने आमसूल पाहिलेलंच नाही त्याच्यापुढे कितीही हातवारे करा, उपयोग नाही.

आणि मग येतो चिंतामणी रंग. चिंतामणी म्हणजे मनात येईल ते देणारं रत्न. ते पुराणात आहे, कुणाच्या डबीत नाही. म्हणजे इथे पुढे करायला वस्तूच नाही! तरी साड्यांच्या दुकानांत हा रंग वर्षानुवर्षं विकला जातोय. निळ्याच्या कुळातला आहे एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. त्यापुढे पाच जणींना विचारलं तर पाच चिंतामणी निघतात.

मागच्या दिवाळीत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशाच एका साडीचा फोटो पडला. न्यू जर्सीची मामेबहीण म्हणाली, "जांभळा छान आहे गं." नाशिकची काकू म्हणाली, "जांभळा कुठला, चांगला मोरपिशी आहे की!" साडी प्रत्यक्ष माझ्या मांडीवर होती आणि ती या दोन्हींसारखी दिसत नव्हती. पुढे चाळीसेक मेसेज झाले, मग कुणीतरी चिवड्याचा फोटो टाकला आणि विषय बदलला. पण कुणीच खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकीने आपापल्या फोनवर दिसलं तेच सांगितलं होतं. मग खरा रंग कुणाच्या फोनवर होता? हा किडा डोक्यात वळवळत राहिला, आणि त्याच्यामागे मी बरंच वाचत गेले. आजचा लेख त्या वाचनाचा. थोडा लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी आपल्याकडच्या बायकांचं श्रेय त्यांना देऊन टाकते. साडीच्या दुकानात ट्यूबलाइटखाली पाहिलेल्या रंगावर माझ्या आईने कधीही विश्वास ठेवला नाही. साडी पसंत पडली की ती घेऊन दुकानाच्या दारात, उजेडात जायचं आणि पदर उलगडून बघायचा. मॅचिंग सेंटरमध्येही तेच. आत दिव्याखाली ब्लाउजपीस साडीला अगदी शोभून दिसतो आणि रस्त्यावर आलं की दोघांचं भांडण! शास्त्रात याला मेटॅमेरिझम असं भारदस्त नाव आहे. दोन कापडांत रंगद्रव्यं वेगळी असतात. एका प्रकारच्या उजेडात ती डोळ्याला सारखीच भासतात, उजेड बदलला की वेगळी पडतात. म्हणजे रंग हा कापडाचा एकट्याचा गुण नाही. उजेड, कापड आणि बघणारा डोळा अशा तिघांचा तो संसार आहे.

न्यूटनने हे फार पूर्वी लिहून ठेवलंय. लोलकातून ऊन सात रंगांत फोडणारा न्यूटन आपण शाळेत शिकतो. पण १७०४ च्या 'ऑप्टिक्स' ग्रंथात तो असंही म्हणतो की नीट बोलायचं तर किरणांना स्वतःचा रंग नसतो, आपल्यात रंगाची जाणीव उठवण्याची शक्ती तेवढी असते. हे वाक्य शाळेत का शिकवत नाहीत कोण जाणे. पुढच्या शतकाच्या सुरुवातीला टॉमस यंग या इंग्रज डॉक्टरने मांडलं की डोळ्यात तीनच प्रकारच्या संवेदना असाव्यात आणि बाकीचे सगळे रंग त्यांच्या कमीजास्त मिश्रणातून भासत असावेत. आज आपल्या टीव्ही, फोन आणि कॅमेऱ्यांत लाल, हिरवा, निळा असे तीनच रंग असतात, ते याच कल्पनेवर. निसर्गात तीन मूळ रंग आहेत असं काही नाही. आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या पेशी आहेत, एवढंच.

या कल्पनेवरून रंगीत फोटो काढून दाखवला जेम्स क्लार्क मॅक्सवेलने, १७ मे १८६१ रोजी, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. विषय होता चौकड्यांच्या स्कॉटिश कापडाची एक रंगीत फीत. (बघा, सुरुवात इथेही कापडापासूनच!) टॉमस सटन या छायाचित्रकाराने तिचे लाल, हिरव्या आणि निळ्या द्रवातून वेगवेगळे फोटो काढले होते. मॅक्सवेलने ते तीन फोटो तीन दिव्यांनी, त्याच तीन रंगांतून, पडद्यावर एकावर एक पाडले आणि फीत रंगीत दिसली.

गंमत पुढे आहे. त्या काळच्या फोटोच्या काचा लाल उजेडाला दाद देत नव्हत्या. मग लाल फोटो निघाला कसा? हे कोडं शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, कोडॅकच्या राल्फ इव्हान्सने सोडवलं. फितीतलं लाल रंगद्रव्य डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परत फेकत होतं, ते त्या लाल द्रवातून आरपार गेले आणि काचेवर उमटले. म्हणजे जगातला तो पहिला गाजलेला रंगीत फोटो लाल रंग न बघताच लाल आला होता. निकाल बरोबर, गणित भलतंच! तिथपासून आजपर्यंत फोटोतल्या रंगाकडे मी जरा संशयानेच बघते.

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. रंग जर बघणाऱ्याच्या डोळ्यात असेल तर तो मोजायचा कसा? कुणाच्या डोळ्याने?

१९२० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात दोन माणसं हेच करत होती. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात विल्यम डेव्हिड राइट आणि टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत जॉन गिल्ड. प्रयोग ऐकायला सोपा आहे. माणसाला एका छोट्या छिद्रातून बघायला लावायचं. दिसणारं वर्तुळ हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढं. त्याच्या एका अर्ध्यात एक शुद्ध रंग, दुसऱ्या अर्ध्यात लाल, हिरव्या, निळ्या दिव्यांचं मिश्रण. दोन्ही अर्धी सारखी दिसेपर्यंत बघणाऱ्याने मिश्रण कमीजास्त करायचं आणि आकडे लिहून घ्यायचे. मग पुढचा रंग. काही रंग, विशेषतः निळ्याहिरव्याच्या मधले, कितीही खटपट केली तरी जुळेनात. तेव्हा तिघांतला एक दिवा उचलून पलीकडच्या अर्ध्यात टाकावा लागे, आणि तो आकडा वजा चिन्हाने मांडावा लागे. हे वजा चिन्ह लक्षात ठेवा, मोरपिशीच्या वेळी पुन्हा भेटणार आहे.

राइटकडे दहा जणांनी डोळे लावले, गिल्डकडे सात जणांनी. एकूण सतरा. १९३१ च्या सप्टेंबरात केंब्रिजला भरलेल्या सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या बैठकीत या आकड्यांवरून एक 'प्रमाण निरीक्षक' ठरवला गेला. हा कुणी माणूस नव्हे, तो एक तक्ता आहे. प्रमाण उजेडही त्याच बैठकीत ठरले. पुढे दिवसाच्या उजेडासाठी ६५०० केल्विनच्या आसपासचं माप रूढ झालं, आज संगणकाच्या पडद्याचा पांढरा त्यावरून ठरतो. दुकानाच्या दारात पदर उलगडणाऱ्या माझ्या आईला कुणी बैठकीला बोलावलं नव्हतं, पण मुद्दा तोच होता.

सतरा माणसं! सगळी इंग्लंडातल्या दोन प्रयोगशाळांतली. आज तुमच्या फोनवरचा, माझ्या लॅपटॉपवरचा, गल्लीतल्या फ्लेक्सवरचा रंग जिथे जिथे मोजला जातो, तिथे शेवटी या सतरा जणांच्या डोळ्यांवरून ठरलेलं माप असतं. तक्रार करण्यासारखं यात फारसं नाही. दोन प्रयोगशाळांत, वेगळ्या यंत्रांवर काम झालं होतं आणि आकडे चांगले जुळले होते. पुढे जास्त माणसांवर झालेल्या मोजण्यांनीही हा पाया मोडला नाही. बारीक फरक निघाले, तरी १९३१ चा तक्ता अजून वापरात आहे. बहुतेकांचे डोळे एकमेकांसारखेच असतात हे किती बरं आहे!

पण मापाचा पाया एक आणि त्यावर उभी राहिलेली दुकानदारी दुसरी. तिथे मात्र 'कुणाच्या डोळ्याने' या प्रश्नापेक्षा 'कुणाच्या चेहऱ्यावरून' हा प्रश्न मोठा ठरला.

रंगीत फिल्मचा काळ आठवा. रोल धुवायला दिला की लॅबमधल्या मशीनवर प्रत निघायची, आणि त्या मशीनचे रंग नीट लागलेत की नाही हे तपासायला एक नमुन्याचा फोटो असायचा. कोडॅक कंपनीच्या १९५० च्या दशकापासूनच्या अशा नमुन्यांवर एक गोरी तरुणी असे. पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली, म्हणून पुढे मॉडेल बदलल्या तरी कार्डाचं नाव 'शर्ली कार्ड'च राहिलं. शर्लीचा चेहरा बरोबर दिसला की मशीन बरोबर! गडद कातडीच्या माणसाचा चेहरा त्याच फिल्मवर काळवंडून जायचा, नाहीतर राखेसारखा निस्तेज यायचा. कॅनडातल्या लॉर्ना रॉथ या अभ्यासिकेने २००९ मध्ये यावर एक प्रसिद्ध लेख लिहिला. त्यासाठी तिने कोडॅकमध्ये काम केलेल्या मंडळींशी बोलून माहिती मिळवली. त्यातली एक गोष्ट वाचून मी थक्क झाले. गडद तपकिरी छटा नीट येत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेण्यामागे मोठं कारण होतं चॉकलेटवाले आणि लाकडी फर्निचरवाले. त्यांच्या जाहिरातींत दुधाचं चॉकलेट आणि काळं चॉकलेट सारखंच दिसत होतं! कोट्यवधी माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा चॉकलेटचं वजन जास्त भरलं. निरनिराळ्या वर्णांच्या चेहऱ्यांची कार्डं १९९० च्या दशकात आली.

याला एक सुखद अपवाद म्हणजे १९७६ मध्ये मॅकबेथ कंपनीने आणलेला चोवीस चौकटींचा रंगतक्ता. फोटोग्राफर मंडळी आजही तो वापरतात. त्यातली पहिली चौकट आहे गडद कातडीची, दुसरी उजळ कातडीची. मग आकाश, झाडाचं पान वगैरे. चौकट क्रमांक एकचा मान गडद वर्णाला देणाऱ्या त्या अनाम हाताला माझा नमस्कार.

आता डिजिटलकडे येऊ. इथे तर फोटो म्हणजे नुसते आकडे. प्रत्येक ठिपक्याला लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका. आकडे कुठेही पाठवा, बदलत नाहीत. मग रंग का बदलतो?

पहिली गोष्ट कॅमेऱ्यात. ब्राइस बेयर या कोडॅकच्याच संशोधकाला १९७६ मध्ये एक पेटंट मिळालं. कॅमेऱ्यातल्या चकतीच्या प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची काच बसवायची. निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. बाकीचे दोन रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून अंदाजाने भरायचे. आजचे जवळजवळ सगळे फोन आणि कॅमेरे असेच चालतात. म्हणजे फोटोतल्या रंगांचे दोन तृतीयांश आकडे मुळात अंदाजच असतात! वर कॅमेरा उजेडाचाही अंदाज बांधतो. समोर चौकटभर निळी साडी पसरली असेल तर 'उजेडच निळा दिसतोय' असा त्याचा समज होऊ शकतो, आणि तो अख्खा फोटो पिवळ्याकडे ढकलतो. आपला मेंदूही हेच करतो म्हणा. २०१५ च्या फेब्रुवारीत एका ड्रेसच्या फोटोवरून अख्खं जग भांडलं होतं ते आठवतंय का? निम्म्यांना तो पांढरा-सोनेरी दिसत होता, निम्म्यांना निळा-काळा. ड्रेस खरा निळा-काळा होता. फोटोतला उजेड सावलीचा की दिव्याचा, याचा प्रत्येकाच्या मेंदूने वेगळा अंदाज केला होता.

दुसरी गोष्ट आकड्यांच्या अर्थाची. इथे मला आजोबांची पायली आठवते. कोकणात 'दोन पायल्या भात' म्हटलं की समोरचा विचारायचा, कुठली पायली? कारण गावोगावची पायली वेगळी, शेर वेगळा. १९५६ साली मापांचा कायदा झाला, मग किलो आणि लिटर आले आणि तो प्रश्न मिटला. १९९० च्या दशकातल्या संगणकांवर रंगांची अवस्था अगदी या पायलीसारखी होती. 'लाल २००' म्हणजे कुठला २००? प्रत्येक मॉनिटरचा लाल वेगळा. शिवाय विंडोजवाल्यांच्या आणि मॅकवाल्यांच्या पडद्यांची उजेड चढवण्याची पद्धतही वेगळी. मॅकवर सुंदर दिसणारा फोटो विंडोजवर अंधारलेला दिसे, आणि विंडोजवरचा मॅकवर फिकट. (मॅकने हा आपला वेगळा हिशेब २००९ मध्ये सोडला.) अंधारलेल्या फोटोत सगळ्यात आधी कोण बुडतं? सावळे चेहरे.

यावर दोन इलाज निघाले. १९९३ मध्ये ॲपल, अडोबी, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे आठ कंपन्यांनी एकत्र येऊन आयसीसी ही संस्था काढली. त्यांचा इलाज असा, की प्रत्येक फोटोसोबत एक चिठ्ठी द्यायची: 'हे आकडे अमुक पायलीतले आहेत.' या चिठ्ठीला प्रोफाइल म्हणतात. पडद्याचीही अशीच चिठ्ठी असते. मध्ये बसलेलं सॉफ्टवेअर दोन्ही चिठ्ठ्या वाचून एका मापाचं दुसऱ्यात रूपांतर करतं. आणि मधलं सामाईक माप कुठलं? १९३१ चं. आमचे सतरा निरीक्षक इथेही हजर!

दुसरा इलाज १९९६ चा. ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी सुचवलं की चिठ्ठी नसेल तर सगळ्यांनी एकच पायली धरून चाला. तिचं नाव एसआरजीबी. त्या प्रस्तावाच्या चार लेखकांत श्रीनिवासन चंद्रशेखर हे आपल्याकडचं वाटणारं नावही आहे. त्या वेळच्या सर्वसाधारण काचेच्या मॉनिटरवरून हे माप बेतलं होतं, बघणारा माणूस मंद उजेडाच्या खोलीत बसलाय असं धरून. १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. ते मॉनिटर केव्हाच भंगारात गेले, पण त्यांचं माप राहिलं. घोडा गेला, नाल राहिली.

एसआरजीबी सोयीचं, पण तोकडं. निळसर हिरव्या भागात ते फारच आखडतं. गडद मोरपिशी, मोराच्या मानेचा निळा, असे काही खरे रंग त्याच्या कुंपणाबाहेर पडतात. वर सांगितलेलं वजा चिन्ह आठवा. तीन दिव्यांनी जे जुळत नाही ते पडदा दाखवणार कसा? तो जवळचा दुसरा रंग दाखवून मोकळा होतो. आमच्या चिंतामणी साडीच्या वादात थोडा वाटा याचाही असणार.

मोठ्या कुंपणाची एक पायली अडोबीनेही आणली, तिची कहाणी मजेशीर आहे. १९९८ मध्ये फोटोशॉपची पाचवी आवृत्ती आली. तीत टीव्हीच्या एका मानकाच्या नावाखाली जे आकडे दिले होते ते त्या मानकाचे खरे आकडे नव्हतेच, वर उतरवून घेतानाही चूक झाली होती. चूक लक्षात आली तोवर लोकांना ते माप आवडू लागलं होतं, कारण छपाईला लागणारे बरेच रंग त्यात मावत होते. शेवटी कंपनीने नाव बदललं, 'अडोबी आरजीबी १९९८', आणि चुकीचं मानक झालं! असा फोटो चिठ्ठीविना पाठवला की पलीकडे तो एसआरजीबी समजून वाचला जातो आणि फिका, मलूल दिसतो. मापात मोठी पायली, मोजताना छोटी. २०१५ मध्ये आयमॅकने आणि मग आयफोनने पी३ नावाचं आणखी एक मोठं कुंपण आणलं. म्हणजे गावोगावच्या पायल्या पुन्हा आल्या, फक्त आता बहुतेकांसोबत चिठ्ठी असते.

इतकं सगळं वाचण्यामागे साडीपेक्षा मोठं कारण होतं, ते आता सांगते.

माझी एक आत्या होती. सावळी, तुकतुकीत, पाणीदार सावळी. पण तिचा तो वर्ण एकाही फोटोत नाही. लग्नाआधीच्या 'दाखवायच्या' फोटोत स्टुडिओवाल्याने चेहरा घासून उजळ केलेला. सोबतच्या माहितीत लिहिलं होतं 'गहूवर्णी'. (हाही एक चिंतामणी रंगच! लग्नाच्या बाजारातला गहू दरवर्षी पांढरा होत जातो.) १९८३ च्या लग्नाच्या अल्बममध्ये तर कमाल. पांढऱ्या भिंतीपुढे फ्लॅशमध्ये काढलेल्या फोटोंत ती काळी पडलेली, चेहऱ्यावर फक्त डोळे आणि दात. काही ठिकाणी लॅबमध्ये उजळवलेली, राखाडी. चाळीस वर्षांत कागदावरचा निळसर रंग सगळ्यांच्या आधी विरला, त्यामुळे आता सगळा अल्बम तांबूस. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. तिची परदेशातली नात, जी वर्णाने हुबेहूब तिच्यासारखी आहे, तिने मला विचारलं की आजी कशी दिसायची. तिला काय पाठवायचं? यांपैकी कुठलीच आत्या खरी नव्हती.

मी फोटो स्कॅन केले. सॉफ्टवेअरमधल्या 'आपोआप सुधारा' बटणाने एका दमात तांबूसपणा काढला आणि सोबत आत्याला गोरंही करून टाकलं. माणसाचा चेहरा कसा असावा याबद्दल त्या बटणाची काही समजूत होती, आणि तीत आत्या बसत नव्हती. भावंडांना तो फोटो आवडला. "किती फ्रेश दिसतेय!" मला नाही आवडला.

मग लक्षात आलं की अल्बममधली एक वस्तू अजून जशीच्या तशी आहे. आत्याचा लग्नातला शालू. तो मऊ धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेला, उजेड न लागलेला. तो बाहेर काढला, खिडकीशी दिवसाच्या उजेडात धरला, शेजारी फोटोग्राफीचं राखाडी कार्ड ठेवलं आणि फोटो काढला. आता माझ्याकडे शालूचे खरे आकडे होते. मग जुन्या फोटोत फक्त दोन गोष्टी जुळवत गेले. शालूचा रंग या शालूसारखा आणि मागच्या माणसांचे सदरे पांढरे. चेहऱ्याला अजिबात हात लावला नाही. शालू जसजसा जुळत गेला तसतसा चेहरा आपोआप जागेवर आला. तंतोतंत नाही, फिल्मच्या रंगद्रव्यांना स्वतःचे हट्ट असतात. पण सावळा, तुकतुकीत. माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या भावाने, तो बघितला आणि "हां, हीच" एवढंच म्हणाले. 'आमसुली' म्हणायला आमसूल लागतं, तसा इथे शालू साक्षीला उभा राहिला.

म्हणून आता ज्यांना घरचे जुनेनवे फोटो पाठवायचे आहेत त्यांच्यासाठी माझ्या वहीतल्या चार ओळी. फोटो काढताना दिवसाचा उजेड घ्या आणि ट्यूब आणि ऊन एकत्र करू नका. चौकटीत एक साधी पांढरी किंवा राखाडी वस्तू असू द्या, नंतर तिच्यावरून रंग लावता येतात. संपादन करताना फोनचं रात्रीचं पिवळं सेटिंग बंद करा आणि रंग भडक करणाऱ्या डिस्प्लेऐवजी 'नॅचरल' सेटिंग ठेवा. जमलं तर पडद्याचं कॅलिब्रेशन करून घ्या, त्याची छोटी यंत्रं मिळतात. मूळ फाइल जपून ठेवा आणि इतरांना पाठवायची प्रत एसआरजीबीमध्ये बदलून, प्रोफाइल जोडून पाठवा. छापायला देताना आधी एकच प्रत छापून बघा, कारण पडदा उजेड टाकतो आणि कागद आपल्यावर पडलेला उजेड परत देतो, दोघांची तुलना कधीच पूर्ण जुळत नाही. आणि चेहरा बघून रंग लावू नका. ज्या वस्तूचा रंग नक्की माहीत आहे तिच्यावरून लावा.

परिस्थिती सुधारतेय हेही सांगायला हवं. २०२१ मध्ये गूगलने आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात गडद वर्णांसाठी मुद्दाम काम केलं. २०२२ मध्ये एलिस मंक या समाजशास्त्रज्ञाची दहा छटांची वर्णपट्टी त्यांनी सर्वांना खुली केली. शर्लीच्या एका छटेवरून दहांवर यायला साठ-सत्तर वर्षं लागली. त्याच वेळी कित्येक फोनमध्ये चेहरा उजळवणारं 'ब्यूटी' बटणही हजर आहे. ते कधी कधी आधीच चालू असतं, एकदा तपासून बघा.

इतकं वाचून माझ्यापुरता निष्कर्ष असा, की 'खरा रंग' नावाचं काही फोटोच्या आत लपून बसलेलं नसतं. ते माणसांनी मिळून ठरवलेलं असतं, कधी सतरा डोळ्यांवरून, कधी एका शर्लीवरून. अशा ठरावांवाचून चालत नाही, मापांवाचून बाजार चालत नाही तसंच. पण ठराव झाला तेव्हा आपली माणसं तिथे होती का, हे विचारायला हरकत नाही. आणि नसतील, तर ट्रंकेतला शालू काढून साक्षीला उभा करायचा.

आत्याच्या नातीला तिची आजी मिळाली. तुमच्याकडेही अशी ट्रंक असेल. त्यातली साडी विकायच्या किंवा वाटायच्या आधी एकदा उन्हात धरून तिचा फोटो काढून ठेवा, एवढंच सांगायचं होतं.